विल्यम वेल्सच्या ‘कारखान्या’बद्दल, थोडं सविस्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विल्यम वेल्स हा एकोणिसाव्या शतकातला, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा चहा-किराण्याचा व्यापारी. हाताखाली माणसं ठेवून त्याने चर्चच्या रंगीत काचेच्या खिडक्यांचा कारखाना काढला, काचेवर रंग फासले आणि पैसा केला. पक्का धंदेवाईक, यात कला कुठे आली?

किराण्याचं मीच त्याच्यावर आधी लिहिताना सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर वाद नाही. पण ‘रंग फासले’ कसं म्हणता? त्या खिडक्यांतला निळा, लाल ब्रशने आलेलाच नाही. काच वितळवतानाच त्यात कोबाल्ट, तांबं वगैरे घालतात, रंग काचेच्या अंगातच उतरतो. लाल काच तर आरपार लाल केली की काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. ब्रशचं काम नाकडोळे, केस, वस्त्रांच्या चुण्या एवढंच. तेही लोहाच्या ऑक्साइडचा काळपट लेप भट्टीत भाजून पक्कं करायचं. फक्त पिवळा वेगळा, तो चांदीचा क्षार लावून भाजल्यावर उमटतो.

आणि खरी परीक्षा शिशाची. रंग बदलला की तुकडा बदलतो, आणि दोन तुकड्यांमध्ये शिशाची पट्टी येते. लांबून ती ठळक काळी रेघ दिसते. ती हनुवटीखालून न्यायची की गालावरून, हे ज्याला कळत नाही त्याचा संत जखमी दिसतो!

हाताखालच्या माणसांचं म्हणाल, तर मध्ययुगातही एकट्याने खिडकी कोण करत होतं? प्युजिनसारख्या चोखंदळ वास्तुविशारदाने १८४२ पासून वेल्सला कामं दिली. १८४५ मध्ये प्युजिन बर्मिंगहॅमच्या हार्डमनकडे, म्हणजे खिडक्या करणाऱ्या दुसऱ्या कारखानदाराकडे वळला, हा मुद्दा हवा तर तुमच्या बाजूने धरा. पण इंग्लंडमधल्याच ग्लॉस्टर कॅथीड्रलची भलीमोठी पश्चिम खिडकी १८५९ ची, ती वेल्सचीच.

त्याचं काम साचेबंद होतं, हे मात्र मान्य. इतक्या चर्चना माल पुरवायचा म्हटल्यावर तेच संत, त्याच मुद्रा येणारच, आणि त्याचे गुलाबी-जांभळे मलाही कधीकधी बटबटीत वाटतात. पण फोटोवरून निकाल देऊ नका. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्या त्याच्याच आहेत. पूर्वेची सकाळी बघा, पश्चिमेची उन्हं कलल्यावर.

राहता राहिला पैसा. तो केला खरा, न्यूकॅसलशेजारच्या गेट्सहेडला सॉल्टवेल टॉवर्स नावाचा वाडाही बांधला. पण १८७६ मध्ये ती सगळी इस्टेट ३५,००० पौंडांना तिथल्या नगरपालिकेला विकली, आणि १८८१ मध्ये मरेपर्यंत हा तुमचा पक्का धंदेवाईक त्याच वाड्यात भाडेकरू म्हणून राहिला.