एस्टीमच्या फ्युएल पंपाबद्दल, गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्ही लिहिलंय की 2003 च्या मारुती एस्टीमला आम्ही ओरिजिनल सोडून लोकल फ्युएल पंप (टाकीत बसून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा) घातला, दीड महिन्यात गाडी वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला बंद पडली, आणि परत आणल्यावर टाकी साफ करायचे वेगळे पैसे सांगितले म्हणजे हे लुटायचे धंदे आहेत. एक स्टार द्या, तुमचा हक्क आहे. पण लुटतंय म्हणालात ते मनाला लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जुनी गाडी सांभाळणाऱ्या बाकीच्यांना पण उपयोग होईल.

लोकल आणि आफ्टरमार्केट एक नव्हं. गाडीची कंपनी पंप स्वतः बनवत नाही, बॉश, डेन्सो असल्या कंपन्या बनवून देतात, आणि तसलीच मोटर गाडीच्या कंपनीचा बॉक्स सोडून बाजारात मिळते ती आफ्टरमार्केट. डुप्लिकेट म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा खोटा बॉक्स छापून आत भलताच माल, तो आम्ही दुकानात ठेवत पण नाही. एस्टीम बंद होऊन किती वर्षं झाली बघा, ओरिजिनल अख्खी असेंब्ली (मोटर, फ्रेम, फ्लोट सगळं एकत्र) शोधायला लागलो की कुठंतरी वर्षानुवर्षं पडून राहिलेला पीस हाताला लागतो आणि त्याचं रबर आधीच कडक झालेलं असतं. म्हणून तुमच्या गाडीची मूळ फ्रेम आणि फ्लोट (पेट्रोल किती आहे ते काट्याला सांगणारा तरंगता भाग) तसाच ठेवला आणि फक्त मोटर बदलली. आफ्टरमार्केटची पूर्ण असेंब्ली टाकली असती तर काम लवकर उरकलं असतं, पण त्यातल्या फ्लोटचा रेझिस्टन्स बऱ्याचदा मीटरला जुळत नाही, मग टाकी अर्धी असताना काटा रिझर्व्हवर. तुमचा काटा आज पण बरोबर दाखवतोय. टाकीच्या आतली पाइप सुद्धा पेट्रोलमध्ये बुडून राहील असल्या ग्रेडचीच घातलीय, साधी फ्युएल पाइप आत घातली तर बाहेरनं पेट्रोल लागून ती फुगते नाहीतर फाटते. बिलावर आफ्टरमार्केट असं स्पष्ट लिहिलंय आणि पैसे पण त्याच रेटनं लावलेत, बॉक्स तुम्हाला दिलाय, त्यावर बॅच नंबर आणि एमआरपी आहे ते बिलाशी ताडून बघा.

आता चढाला बंद का पडली. तुम्हीच सांगितलेलं की दहा मिनिटं उभी केली आणि परत चालू झाली. पंप जळला असता तर दहा मिनिटांनी काय, दोन दिवसांनी पण चालू झाली नसती हो. हे लक्षण जाळी चोक झाल्याचं. पंपाच्या तळाला बारीक जाळी असते, सपाट रस्त्याला इंजिनाला पेट्रोल कमी लागतं म्हणून अर्धी बुजली तरी चालून जातं, चढाला लोड आला की मागणी वाढते, कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो, प्रेशर पडतं आणि गाडी गचके देत बंद. उभी राहिली की कचरा खाली सुटतो आणि गाडी परत चालू. जुन्या पंपाची जाळी तुम्हाला दाखवलेली, आठवत असेल, चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झालेली, आणि बोटांवर घासल्यावर लाल पावडर लागली. ती टाकीतली गंज.

गाडी दोन पावसाळे शेडात उभी होती, टाकीत थोडंसंच पेट्रोल. रिकाम्या जागेत दमट हवा, पत्र्याला आतनं घाम सुटतो, त्यात आता पेट्रोल इथेनॉलचं, ते पाणी ओढून घेतं. म्हणूनच टाकी उतरवलेली असताना फोन करून सांगितलं की आत्ताच साफ करून घेऊ, परत उतरवायची मजुरी वाचेल. तुम्ही म्हणालात गणपतीला गावी जायचंय, गाडी आजच पाहिजे. बिलाच्या खाली 'टाकीत गंज, साफ करणे सुचवले' असं लिहिलंय, शेजारी तुमची सही आहे. घाई होती हे मला मान्य आहे, सणासुदीला सगळ्यांचीच असते. पण अशा टाकीत कुठल्याही कंपनीचा पंप घाला, बॉक्सवर काहीही छापलेलं असू दे, तो टिकणार नाही. जाळी बुजली की मोटर जोर लावून ओढते, गरम होते, आणि तिला थंड ठेवणारं पण आतलं पेट्रोलच. त्यात तुम्हाला दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर फिरवायची सवय आहे, राग मानू नका पण ती सोडा.

पंपाची वॉरंटी चालू आहे. गाडी घेऊन या, तुमच्यासमोर रेलवर (इंजिनाच्या इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) प्रेशर मोजायचा गेज लावतो. अडीच ते तीन बारच्या आसपास प्रेशर यायला पाहिजे, आणि पंपाच्या कनेक्टरला व्होल्टेज पण मोजून दाखवतो, कारण जुन्या वायरिंगचं अर्थिंग नीट नसलं तरी पंपाला शिव्या बसतात. जाळी साफ असून प्रेशर कमी आलं तर मोटर नवीन घालून देतो, मजुरी सकट फुकट. गंजच निघाली तर टाकी उद्यमनगरात पाठवून आतनं साफ करून आणू, त्याचे पैसे जे तिथले होतील तेच, वर आमचं काही नाही, जाळी आणि फिल्टर मात्र नवीन घ्यावा लागेल.

रविवार सोडून कधीही सकाळी लवकर या म्हणजे संध्याकाळपर्यंत देता येईल. आणि येताना टाकी फुल करून आणू नका, उतरवायची आहे.