खुलासा : आधी कलर, मग कटिंग? हा क्रम उलटा आहे

‘कटिंग शिकण्यात वेळ घालवू नका. आधी कलर आणि स्मूदनिंग शिका, पंधरा दिवसांत कमाई सुरू’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यात नवशिक्या मुलींचं खरंच नुकसान होतं.

कलर असो की स्मूदनिंग (रसायनानं केस सरळ-मऊ करणं), केसांचे नीट भाग पाडता आले तरच ते काम सारखं बसतं. तो हात शाम्पू, ब्लो-ड्राय आणि साध्या सरळ कटमधून तयार होतो. सरळ कट शून्य अंशाचा, केस खाली सोडूनच कापायचा. तो जमला की केस ४५ अंशांत उचलून कापायचे, मग ९० अंशांत उचलून लेयर, म्हणजे कमी-जास्त लांबीचे थर. कंगव्यावरचा ताण सारखा राहतो की नाही, हे इथंच कळतं. इथं महिने गेले तरी जाऊ द्या.

रसायनं त्यानंतर. २० व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये (रंगात मिसळायच्या द्रावणात) ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. रंगाच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते पाहणं) करायलाच हवी. रसायनात चूक झाली तर केस जळतात, आणि ते महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात; जळालेली लांबी परत यायला गिऱ्हाइकाला वर्षं लागतात.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे, कलरचे पैसे कटिंगपेक्षा जास्त मिळतात. पण दीड-दोन महिन्यांनी मुळं रंगवायला तीच बाई परत येते, ती केस शाबूत राहिले तरच.