आयुष्मान कार्डावर महिन्याच्या गोळ्या? नाही मिळत

‘आयुष्मान कार्ड दाखवा, बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्याही मेडिकलमधून फुकट घ्या,’ असा मेसेज सोलापुरात व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. काल अशोक चौकात एक आजी कार्ड आणि रिकामी स्ट्रिप घेऊन मेडिकलसमोर उभ्या होत्या. दुकानदार बिचारा समजावून समजावून थकला.

योजना आहे ती दवाखान्यात भरती होण्यासाठी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. त्यात ॲडमिट होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं धरलेली असतात. सोळाव्या दिवशीची गोळी आपल्या खिशातून. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता कार्ड मिळतं, पण औषधांचा नियम तोच.

खासगी पॉलिसीवाल्यांनीही हसू नये. तिथेही बहुधा डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसच, आणि औषध त्याच आजाराचं लागतं. आमच्या वडिलांच्या बायपासनंतर एक बिल परत आलं, कारण त्यात शुगरच्या गोळ्या होत्या. त्या लिहिल्या होत्या हार्टच्याच डॉक्टरांनी! तेव्हापासून मी मेडिकलवाल्याकडून दोन वेगळी बिलं करून घेतो आणि डिस्चार्ज कार्डावर शुगरचा उल्लेख आहे ना, ते घरी निघण्याआधी बघतो.

बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असतात, साठा असेल तर. त्यासाठी आयुष्मान कार्ड लागत नाही. जुनी चिठ्ठी मात्र सोबत न्या.