गरज की गुणवत्ता, एकदाच काय ते ठरवा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जच्या २०१८ च्या ड्राफ्टचा, म्हणजे दर जूनमध्ये संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचा, विषय निघाला की कोणीतरी ठेवणीतले उत्तर काढतोच: संघात डीअॅरन फॉक्स होता, चेंडू त्याच्या हाती राहणार होता, तेव्हा पुढे मोठा तारा ठरलेल्या लुका डॉनचिचची गरज नव्हती. हे उत्तर ऐकून ऐकून माझे डोके उठले आहे, कारण ते तेव्हाही खोटे होते आणि आजही खोटेच आहे.

गरजेचाच हिशेब करायचा, तर तेव्हा संघात उंच खेळाडूंचा दुष्काळ होता काय? विली कॉली-स्टाइन होता, कोस्टा कूफोस होता, स्काल लाबिसिएर होता, हॅरी जाइल्स तयार होत होता. तरीही दुसऱ्या क्रमांकाची निवड आणखी एका उंच खेळाडूवर, मार्व्हिन बॅगलीवर, खर्ची पडली. आणि नाकारले कोणाला? अवघ्या एकोणीसाव्या वर्षी रेआल माद्रिदला युरोलीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब बास्केटबॉल स्पर्धा जिंकून देणाऱ्या, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मुलाला! तो अंतिम सामना बेलग्रेडमध्ये झाला आणि किंग्जची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते व्लादे दिवाच स्वतः सर्बियाचे. अमेरिकेतल्या इतर संघांना युरोपातला खेळ कळत नाही, ही सबबसुद्धा येथे चालत नाही. बॅगलीवर माझा राग नाही. दुखापतींनी त्याला छळले, २०१९-२० मध्ये तो जेमतेम १३ सामने खेळू शकला. राग आहे तो निवडणाऱ्यांवर.

बरे, गरज हाच निकष मानू. मग २०२१ मध्ये तो कुठे गेला? फॉक्स आणि टायरीज हॅलिबर्टन असे दोन उत्तम गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारे खेळाडू, हाताशी असताना, आणि बचाव करू शकणाऱ्या उंच विंगची, म्हणजे कडेने खेळणाऱ्या खेळाडूची, उणीव कोणाही प्रेक्षकाला दिसत असताना, नवव्या क्रमांकावर डेव्हियन मिचेल हा सुमारे सहा फूट उंचीचा गार्ड घेतला. तेव्हा तेच समर्थक सांगू लागले की ड्राफ्टमध्ये गरज बघायची नसते, गुणवत्ता बघायची असते! ज्या विंगची गरज होती तो ट्रे मर्फी सतराव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता, उंच खेळाडू अल्परेन शेंगून सोळाव्यापर्यंत. पुढच्याच फेब्रुवारीत हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन डोमँटस सबोनिस आणला. सबोनिसमुळे २०२३ मध्ये सोळा हंगामांनंतर प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, दिसले, हे मी नाकारत नाही. पण हॅलिबर्टनने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीपर्यंत नेले, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

याला पश्चातबुद्धी म्हणणाऱ्यांचा तर मला विशेष संताप येतो. २०१२ मध्ये थॉमस रॉबिन्सन घेतला आणि लगेच पुढच्या क्रमांकावर, पुढे तारा ठरलेला डेमियन लिलार्ड दुसऱ्या संघाकडे गेला. एखादी चूक कोणाकडूनही होते, पण व्यवस्थापक बदलले, प्रशिक्षक बदलले, मालक बदलले, तरी येरे माझ्या मागल्या! मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. २०१९ मध्ये त्यांनी हा संघ वरळीच्या डोममध्ये आणला, तेव्हा इकडच्या कित्येक मुलांनी पहिल्यांदा एनबीएचे खेळाडू प्रत्यक्ष पाहिले आणि किंग्जला आपले मानले. त्या मुलांना दर जूनमध्ये नवी सबब ऐकवायची, हा त्यांच्या प्रेमाचा अपमान आहे.

आता फॉक्सही सॅन अँटोनियोला गेला, मिचेल त्याआधीच गेला. ज्या गार्डच्या नावाखाली डॉनचिच नाकारला, तो संघात नाही. ज्याच्यासाठी मर्फी सोडला, तोही नाही. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, चेंडू पुढे नेणारा कोणीच उरला नाही म्हणून, ३१ वर्षांच्या डेनिस श्रोडरला करारबद्ध करण्याची पाळी याच संघावर आली.