सतरा लँड घाला म्हणजे घालाच

‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा नवा सेट, म्हणजे नव्या पत्त्यांचा संच, दुकानात विक्रीला येण्याच्या साधारण आठवडाभर आधी जी स्पर्धा भरते तिला प्री-रिलीज म्हणतात. तिची पहिली फेरी घरातच होते. ‘पत्त्यांच्या स्पर्धेला चाललोय’ असं सोलापुरातल्या कुठल्याही घरात सांगून बघा. “पैसे लावून खेळता काय रे?” हा पहिला प्रश्न. “लावून नाही, भरून,” हे उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. मग फीचा आकडा बाहेर येतो आणि तेवढ्यात डबलबेडच्या किती चादरी आल्या असत्या याचा हिशोब मांडला जातो. हा खेळ गणितात डॉक्टरेट केलेल्या रिचर्ड गारफिल्ड यांनी काढला, १९९३ पासून जगभर चालू आहे, असं सांगून बघायला हरकत नाही. “मग तुझं गणित कच्चं कसं राहिलं?” एवढं ऐकायची तयारी ठेवा.

तिथून सुटून तुम्ही दुकानाच्या वरच्या मजल्यावर पोचता. आम्ही नेहमीचे लोक तिथं आधीच बसलेले असतो. नवीन माणूस जिना चढून आला की त्याच्या चेहऱ्यावर एकच भीती असते : नियम येत नाहीत, हसं होणार. ही भीती सोडा. प्री-रिलीज ही सगळ्यांत सैल स्पर्धा. इथं पंचाचं निम्मं काम शिकवण्याचंच असतं, आणि अडलं की हात वर करून त्याला बोलावणं म्हणजे समोरच्याची तक्रार करणं नव्हे. नवीन पत्त्यावर काय लिहिलंय ते आम्हीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच नीट वाचत असतो. नियमांनी हरलेला नवखा आम्हाला आठवत नाही. नवखा हरतो तो हावेनं, आणि ती पत्त्यांचं पाकीट फोडल्यापासून सुरू होते.

आधी सामानाचं बोलू. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, त्याच्या मापाचे स्लीव्ह, म्हणजे पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची कव्हरं, आणा : चाळीस लागतात, पाचसहा जास्तीचे ठेवा, कारण एखादा फाटतोच. सगळे एका रंगाचे आणि एका वयाचे हवेत. तीन जुने आणि बाकी नवे असले, तर पाठीवरून पत्ता ओळखू येतो आणि ते चालत नाही. स्लीव्ह मिळाले नाहीत म्हणून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणायचं मात्र मनात आणू नका. हा विचार सोलापुरात लोकांना येतो. पेन आणि वही आणा, साधे सहा बाजूंचे दोन फासे आणा, मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा, कारण कोण कुणाशी खेळणार हे बहुतेक ठिकाणी ‘कम्पॅनियन’ ॲपवरच दिसतं. बेसिक लँड, म्हणजे बाकीचे पत्ते उतरवायला लागणारी ‘माना’ नावाची शक्ती देणारे साधे पत्ते, दुकानदार देतो. पाणी काही दिवसांआड येतं हे मान्य, पण त्या दिवशी आंघोळ करून या. मे महिना, बंद खोली, वीसेक माणसं आणि चार-पाच तास. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

डब्यात शेंगाची चटणी आणणार असाल तर आणा, पण खेळाच्या टेबलाला लागू देऊ नका. आपली चटणी तेल सोडते हाच तिचा मोठेपणा, आणि तेच तेल बोटावरून स्लीव्हला, स्लीव्हवरून समोरच्याच्या स्लीव्हला जातं, कारण तो तुमचे पत्ते हाताळणार आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये बाहेर जाऊन खा, साबणानं हात धुवा, मग बसा. आणखी एक : बसण्यापूर्वी वर पंखा कुठे आहे ते बघा. स्लीव्ह घातलेले पत्ते तग धरतात, पण टोकनचे, म्हणजे टेबलावर खुणेसाठी ठेवायचे, सुटे पत्ते त्या वाऱ्यात शेजारच्या टेबलावर जातात आणि तिकडची लढाई बिघडवतात.

आता किट. त्यात सहा बूस्टर पाकिटं, प्रत्येकात चौदा पत्ते, शिवाय शिक्का मारलेला एक चकचकीत प्रोमो पत्ता आणि वीस बाजूंचा एक फासा. प्रोमो डेकमध्ये, म्हणजे तुम्ही खेळायला बांधलेल्या जुडीत, खेळता येतो. पाकिटातल्या लँड वगळल्या तर तुमच्या हाती ऐंशीच्या आसपास पत्ते उरतात, आणि त्यातून तुम्हाला निवडायचेत फक्त तेवीस; चाळीसच्या डेकमधल्या बाकी सतरा लँड. म्हणजे पैसे देऊन घेतलेले पन्नासहून जास्त पत्ते बाजूला ठेवायचे. माणसाच्या जिवावर येतं हो. म्हणूनच कुणी त्रेचाळीस पत्त्यांचा डेक करतो, “हे तीन पण चांगलेच आहेत की.” नियमाला ते चालतं, चाळीस ही कमीत कमी मर्यादा आहे. पण चाळिसाच्या वर टाकलेला प्रत्येक पत्ता तुमच्या सगळ्यांत भारी पत्त्याला खाली ढकलतो. चाळीस म्हणजे चाळीस.

डेक बांधायला अर्धा ते पाऊण तास मिळतो. त्यातली पहिली दहा मिनिटं नवखा मोबाइलवर रेअर म्हणजे दुर्मिळ पत्त्यांचे भाव बघण्यात घालवतो. भाव पळून जात नाहीत. तो वेळ असा वापरा : पाच रंगांचे पाच ढीग, दोन रंगांचे पत्ते वेगळे, बिनरंगी वेगळे. मग प्रत्येक ढिगातले ज्यांना तुम्ही स्वतःहून कधीच हात लावणार नाही असे पत्ते बाजूला. उरलेले माना किमतीप्रमाणे रांगेत लावा : दोनची रांग, तीनची, चारची. आता लांबून बघा. ज्या दोन रंगांत खेळण्यासारखे पत्ते जास्त, ते तुमचे रंग. तुमचा दुर्मिळ ड्रॅगन कुठल्या रंगाचा आहे हा प्रश्न यानंतर विचारायचा. तो लाल असेल आणि लाल रंगात त्याच्याखेरीज तीनच धड पत्ते असतील, तर ड्रॅगन बॉक्समध्ये. मालकी तुमचीच राहते, घरी नेऊन बघत बसा.

तेवीस पत्त्यांत पंधरा ते सतरा क्रीचर, म्हणजे तुमच्या बाजूनं लढणारे पत्ते, हवेत. समोरच्याचे क्रीचर मारणारे पत्ते मिळतील तेवढे घ्या. दोन माना लागणारे पाचसहा तरी असू द्या, नाहीतर तुमची पहिली हालचाल होईपर्यंत समोरचा तुमच्या आयुष्याचे गुण वीसवरून बारावर आणून ठेवतो. सहा किंवा जास्त माना लागणारे दोन-तीन पुरेत. उडणारा साधा क्रीचर दिसायला गरीब असतो, पण या प्रकारच्या खेळात तोच डाव मारतो, कारण समोरच्याकडे उडणारे थोडे असतात आणि जमिनीवरचे सगळे एकमेकांना अडवून उभे राहतात. तिसरा रंग? एखाद-दुसऱ्या पत्त्यासाठी, तोही त्या रंगाची माना देणारे तीन पत्ते असतील तर. तीन रंग सारखेच खेळणाऱ्याच्या हातात नेमके तिसऱ्या रंगाचे पत्ते बसून राहतात आणि तो प्रत्येक फेरीत “लकच नाही” असं म्हणतो.

आणि लँड. नवख्याला लँड म्हणजे भरताड वाटते, चांगला पत्ता ठेवायची जागा अडवणारी. तो पंधरावर थांबतो. हिशोब बघा. चाळीसमध्ये सतरा लँड असल्या तर सात पत्त्यांच्या पहिल्या हातात सरासरी तीन येतात, आणि एकही नाही किंवा एकच येण्याची वेळ साधारण दहातल्या एका हाताला. पंधरा केल्या की तीच वेळ सहातल्या एका हाताला येते. तिसरी-चौथी लँड वेळेवर न येण्याचे भोग वेगळेच. उलट बाजूनं, सतरा ठेवून सातपैकी सहा किंवा सातही लँडच येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्याही आत आहे. म्हणजे ज्याची भीती वाटते ते घडत नाही आणि ज्याची वाटत नाही ते रोज घडतं. चार-पाच माना लागणारे पत्ते अगदीच कमी असतील तर सोळा एक वेळ चालतील. पंधरा नाही. ‘पण माझं नशीब चांगलं आहे’ म्हणणाऱ्यांना आम्ही आनंदाने समोर बसवून घेतो.

एक लँडचा हात आला तर तो ठेवू नका. “पुढच्या पानाला येईल की,” हे वाक्य प्रत्येक प्री-रिलीजला ऐकू येतं आणि बोलणारा साधारण वीस मिनिटांनी मोकळा झालेला असतो. मलिगन घ्या : सातही पत्ते परत, डेक पिसायचा, पुन्हा सात उचलायचे आणि त्यातला नको तो एक डेकच्या तळाला. दुसऱ्यांदा घेतला तर दोन तळाला. सहा चांगले पत्ते सात वाईट पत्त्यांपेक्षा कधीही बरे.

पिसण्यावर जरा थांबतो, कारण इथं आपले रमी-मेंढीकोटचे हात गोत्यात येतात. सात-आठ वेळा नीट मिसळा. पत्ते ढिगाऱ्यात वाटत बसणं म्हणजे पिसणं नव्हे, ते फक्त मोजणं, आणि तेही डावाच्या सुरुवातीला एकदाच. दोन पत्ते-एक लँड, दोन पत्ते-एक लँड असं हळूच रचून वर चार फेरे देणाऱ्याला वाटतं की आपण हुशार. त्याला लबाडी म्हणतात. तुमचा पिसलेला डेक समोरच्यापुढे ठेवायचा आणि तोही तो पिसणार किंवा काटणार. यात अविश्वास नाही, रीत आहे. कोण आधी खेळणार हे ठरवायला किटमधला वीस बाजूंचा फासा टाकू नका. त्यावरचे आकडे लागोपाठ शेजारी असतात, त्यामुळे सरावलेल्या हाताबद्दल शंका घ्यायला जागा राहते. तो आयुष्य मोजायला दिलाय, आणि खरं सांगायचं तर त्यालाही वही बरी. कोपर लागलं की फासा एकोणीसवरून सातवर जातो आणि दोन सज्जन माणसांचं भांडण होतं.

समोर बारा वर्षांचा मुलगा आला तर हसू नका. “काका, तुम्ही अनटॅप केलं नाही की वो. आणि पत्ता पण उचला,” असं तोच तुम्हाला सांगेल, अत्यंत नम्रपणे, आणि मग चौथ्या टर्नला अत्यंत नम्रपणे मारेल. टर्नचा क्रम मनात म्हणत राहा : अनटॅप (वापरून आडवे केलेले पत्ते पुन्हा उभे करणं), अपकीप (टर्नच्या सुरुवातीला घडायच्या गोष्टी), पत्ता उचलणं, मग लँड, मग हल्ला. नवखा हल्ल्याआधीच सगळे क्रीचर उतरवून हात रिकामा करतो. गरज नसेल तर ते हल्ल्यानंतर उतरवा, तोवर समोरच्याला तुमच्या मोकळ्या मानांची धास्ती राहते.

फेरी पन्नास मिनिटांची, तीनपैकी दोन डाव जिंकणारा जिंकला. वेळ संपली की चालू टर्न पुरा करायचा, मग दोघांत मिळून पाच टर्न आणि बरोबरी असेल तर बरोबरी. जिंकल्याचे तीन गुण, बरोबरीचा एक. हरलात म्हणून कुणी घरी पाठवत नाही, पुढच्या फेरीत तुमच्याइतकाच हरलेला समोर येतो आणि खेळ खरा तिथूनच रंगतो. माणसं विषम असली तर एकाला बाय मिळतो. म्हणजे न खेळता विजय. त्यात अपमान समजू नका, ती चटणी खायची वेळ. दोन फेऱ्यांच्या मध्ये डेक बदलता येतो, तर ज्यांना सबंध फेरीत शिव्या दिल्या ते पत्ते काढून टाका.

शेवटच्या फेरीत हाव वेगळ्या वेषात येते. “तू हार, बक्षिसाची पाकिटं अर्धी-अर्धी,” किंवा “चल, फासा टाकून निकाल ठरवू,” असं कुणी गोड बोलून सुचवलं तर हो म्हणू नका, गंमतीतही म्हणू नका, सरळ पंचाला बोलवा. सगळ्या सैल स्पर्धेत ही एकच जागा घट्ट आहे : निकाल विकणं किंवा फाशावर ठरवणं म्हणजे स्पर्धेतून बाहेर. “सोलापुरात समजून घेतात की,” हे इथं लागू नाही.

खेळ संपला की एक माणूस शेजारी येऊन बसतो. “काय निघालं? दाखवा की.” बऱ्याचदा तो खरंच उत्सुक असतो. तरी त्या टेबलावर सौदा करू नका. पहिल्या आठवड्यात पत्ते कमी आणि घेणारे जास्त, म्हणून भाव चढे असतात. माल बाजारात आला की बहुतेकांचे उतरतात. विकायचं असेल तर त्या पहिल्या आठवड्यातच, पण भाव स्वतः बघून. घ्यायचं असेल तर थांबा. चकचकीत पत्ते आपल्या हवेत वाकतात, कारण कागद सुकून आखडतो आणि वरचा फॉइलचा थर आखडत नाही. ते लगेच स्लीव्हमध्ये घालून वहीत दाबून न्या.

दुकानदाराच्या लँड रंगवार लावून परत करा, खुर्चीखाली एकदा बघा. उरलेल्या कॉमन पत्त्यांना रबरबँड लावू नका, कडा दबतात. पेढ्याच्या रिकाम्या डब्यात ते छान मावतात. फक्त डबा आधी कोरडा पुसून घ्या, आणि त्यात खरंच पेढे नाहीत हे घरच्यांना सांगून ठेवा.