‘असिंक’ लावलं म्हणून एपीआय वेगवान होत नाही

‘फास्टएपीआयमध्ये प्रत्येक फंक्शनला असिंक लावा, एपीआय कितीतरी पट वेगवान होईल, लोड वाढला तर कनेक्शन पूल वाढवा.’ फास्टएपीआय हे पायथॉनमध्ये एपीआय लिहायचं फ्रेमवर्क, तर पूल म्हणजे डेटाबेसशी जोडलेली, पुन्हा पुन्हा वापरायची कनेक्शन. पायथॉन शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. त्याचा पहिला भाग अर्धवट आहे, दुसरा ऐन गर्दीत घात करणारा.

आधी असिंक, म्हणजे उत्तराची वाट पाहताना दुसरं काम हाती घेणं. साधं ‘डेफ’ लिहिलेलं फंक्शन फास्टएपीआय वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यावर चालवतं. असे थ्रेड मुळात 40 असतात. ‘असिंक डेफ’ मात्र थेट इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट आळीपाळीने हाताळणाऱ्या एकाच थ्रेडवर चालतं. त्यात सायकोपीजी2 या पोस्टग्रेस डेटाबेसच्या साध्या, असिंक नसलेल्या ड्रायव्हरने क्वेरी टाकली, की उत्तर येईपर्यंत अख्खा लूप अडतो. क्वेरीला 200 मिलिसेकंद लागतात आणि 10 रिक्वेस्ट एकदम आल्या असं धरा. एका वर्करवर, म्हणजे सर्व्हरच्या एका प्रोसेसवर, त्या एकामागोमाग चालतात. शेवटच्याला उत्तर मिळतं 2 सेकंदांनी. तेच फंक्शन साधं ‘डेफ’ ठेवलं आणि डेटाबेसला तेवढं झेपत असेल, तर दहाही साधारण 200 मिलिसेकंदांत सुटतात. असिंक हवंच असेल तर ड्रायव्हरही असिंकपीजीसारखा घ्यावा लागतो आणि एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीचं असिंकसेशन वापरावं लागतं. नुसता शब्द लावून भागत नाही.

आता पूल. एसक्यूएलअल्केमीत तो मुळात 5 चा, वर गरजेला 10 जादा, म्हणजे 15. पण प्रत्येक वर्करचा पूल स्वतंत्र असतो, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. 4 वर्कर म्हणजे 60 कनेक्शन. पूल 20 चा केलात की 30 गुणिले 4, म्हणजे 120. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. पुढची कनेक्शन नाकारली जातात आणि वापरणाऱ्याला 500 हा सर्व्हर एररचा कोड दिसतो.

खरा वेळ बहुतेकदा क्वेरींतच जातो. 50 ऑर्डरींची यादी दाखवताना प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक लेझी लोडने, म्हणजे लागेल तेव्हा वेगळ्या क्वेरीने आणला, तर ग्राहक वेगवेगळे असताना 51 क्वेरी जातात. सगळे ग्राहक एकदम आणणारं ‘सिलेक्टइनलोड’ लावलं की 2. असिंकसेशनमध्ये तर असं लेझी लोडिंग थेट ‘मिसिंगग्रीनलेट’ एरर देतं. शिवाय दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन की कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची बनवत नाही, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून कोडला हात लावण्याआधी एसक्यूएलअल्केमीच्या इंजिनला ‘एको’ ट्रू करा, म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये दिसेल, एका रिक्वेस्टमागे किती क्वेरी जातात ते मोजा आणि सगळ्यात संथ क्वेरी डेटाबेस कशी चालवतो ते पाहायला तिच्यावर ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ चालवा. मोठ्या टेबलातल्या चार ओळींसाठी ‘सीक्वेन्शियल स्कॅन’, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, दिसला, तर आधी इंडेक्स घाला. चालू सिस्टिमवर ‘कॉनकरंटली’ लावून, म्हणजे तोवर टेबलात लिहिणं अडत नाही.