जिप्सीच्या ब्रेकबाबत आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

आपल्या रॅलीच्या जिप्सीत आम्ही पुढे पाच सूत आणि मागे सहा सूत (एक सूत म्हणजे १/८ इंच) अशी वेगळ्या मापांची मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारी सिलिंडर, बसवून शिल्लक माल खपवला, मागे मोठे सिलिंडर असूनही मागची चाके लॉक होत नाहीत आणि पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते, असे आपण लिहिले आहे. ही मापे हिशेब करूनच निवडली आहेत आणि तो हिशेब येथे मांडणे मला आवश्यक वाटते.

मोठे मास्टर सिलिंडर म्हणजे जोरदार ब्रेक, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पायाचा जोर तोच असेल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) जितका मोठा, तितका ऑइलचा दाब कमी. पाच सुतांच्या बोअरचे क्षेत्रफळ सुमारे १९८ चौरस मिलिमीटर आणि सहा सुतांचे २८५ असल्याने, बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या सिलिंडरमध्ये वाटणारा दांडा) मध्यावर असताना पुढच्या लाइनमध्ये मागच्यापेक्षा सुमारे ४४ टक्के अधिक दाब तयार होतो, आणि तो तसाच हवा. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २३७५ मिलिमीटर आहे. हिशेबासाठी वजन १००० किलो, ते पुढे-मागे निम्मे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर धरला, तर डांबरावर ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट) इतका ब्रेक लागताच सुमारे १७५ किलो भार मागून पुढे सरकतो. म्हणजे पुढे ६७५ आणि मागे जेमतेम ३२५ किलो उरतो. अशा वेळी मागची चाके आधी लॉक झाली, तर गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येतो. पुढची आधी लॉक झाली तर स्टीअरिंग जाते, पण गाडी सरळ राहते. आपल्यासोबत नेव्हिगेटरही बसतो, म्हणून यात मी तडजोड करणार नाही.

सिलिंडरच्या फरकाने न भागणारी कसर मागच्या कॅलिपरच्या (चाकाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) लहान पिस्टननी भरून काढली आहे. दोन्हीकडे एकच माप बसवले असते, तर बार एका टोकाला ओढावा लागला असता आणि तिरका होऊन अडकण्याचा धोका राहिला असता.

सुट्या मातीवर मात्र आपली अपेक्षा योग्य आहे. तिथे ०.५ जीच्या आसपासच ब्रेक लागतो, भार १२५ किलोच सरकतो, आणि मागे थोडा अधिक ब्रेक चालतो. त्यासाठी बार मागच्या बाजूला फिरवावा, सिलिंडर बदलू नये, आणि डांबरावर येण्यापूर्वी तो पूर्ववत करावा.

पेडल खोल जाते, कारण लहान बोअरला तेवढेच ऑइल ढकलायला जास्त स्ट्रोक लागतो. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) काढल्यानंतर पायाचा जोर आटोक्यात राहावा, म्हणून हे माप घेतले होते. आपल्याला कडक पेडलच हवे असेल, तर पुढे ०.७ इंच आणि मागे साडेसहा सूत बसवता येईल. जोर सुमारे २५ टक्के जास्त लावावा लागेल. परंतु त्याआधी गाडी घेऊन या. ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणे) पुन्हा करून दोन्ही लाइनला गेज लावू, दाब आपल्यासमोरच मोजू. या तपासणीचे पैसे घेणार नाही.